मुक्त संगणकप्रणालीची निवड
(गाझियाबाद येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. अनेक धडधाकट जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र निकामी झालेले नसते. ते मोडीत काढावे असे कंपनी ठरविते. साहिबाबादच्या कारखान्यांत राबणाऱ्या साथींना या युक्तीची ओळख करून द्यायला नको.

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स गाभा आला. प्रणाली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क हे या परंपरेचे मर्म होय; ती फुकट मिळते, ही दुय्यम गोष्ट.

परंतु सर्वांत उत्तम कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. चार जीबी स्मृतीच्या यंत्रास एक्सएफसीई मांडणीची हलकी मिंट पुरते. सी-डॅकची बॉस ही डेबियनवर आधारलेली असून तीत भारतीय भाषांची सोय आहे. केरळच्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवरच चालते.

मी अनुवादक; माझी खरी अडचण निराळीच होती. इन्स्क्रिप्ट कळफलक या सर्व प्रणालींत मिळतो. मात्र युनिकोडपूर्व टंकांत ठेवलेले जुने मराठी लेख त्या टंकावाचून निरर्थक रोमन चिन्हे दाखवितात. त्यांचे रूपांतर आधी करावे, मगच जुनी प्रणाली पुसावी.

तत्पूर्वी नवी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. त्यात मराठी मजकूर छापून पाहावा. छपाईयंत्राने दाद दिली नाही, तर दुसरी प्रणाली घ्यावी.