आधी फोटो, मग फावडं

(कुंभारी येथे तरुण स्वयंसेवकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला पूर आपण सगळ्यांनी पाहिला. लांबोटीला पुण्याचा रस्ता बंद, वडकबाळला विजापूरचा रस्ता बंद. कुंभारी सीनेच्या काठावर नाही, म्हणून आपण मदत करणाऱ्यांमध्ये होतो. जेवणाची पाकिटं, चादरी, पाण्याच्या बाटल्या हे आपल्याला चांगलं जमतं. त्याचा अज्र अल्लाह देईल. पण पाकीट एका वेळेला पुरतं. पाणी उतरल्यावर त्या घरात दोन कामं उरतात: चिखल काढणं आणि हक्काचे पैसे मिळवणं. गंमत अशी की ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात. घाईत सफाई केली तर पुरावा चिखलाबरोबर जातो. पुराव्यासाठी थांबलं तर घरात बुरशी आणि आजार येतो.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की चालू करायची घाई असतेच, पण आधी आतली नोंद बाजूला काढून ठेवतो. एकदा चालू केला की काय बिघडलं होतं ते कळत नाही. घराचंही तसंच. म्हणून आपला नियम एकच: आधी फोटो, मग फावडं.

घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद करा. मीटर-बोर्ड ओला असेल तर हात लावू नका, वायरमनला बोलवा. पायात गमबूट, हातात मोजे हवेत. चिखलात साप, विंचू, काचा असतात. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये. लेप्टोचा जंतू जखमेतून शिरतो. नंतर ताप आला तर आरोग्य केंद्रात ‘पुराच्या पाण्यात काम केलं’ हे आवर्जून सांगा.

मग मोबाइल काढा. दारातून सुरुवात करून सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ घ्या. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते, तिला टेप लावून फोटो घ्या. फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन, मोटर यांच्या मागच्या पट्टीवर नंबर असतो, तो टिपा. बिल वाहून गेलं असेल तर तो नंबर आणि बँकेतली किंवा यूपीआयची नोंद कामाला येते. एकाने फोटो काढावेत, दुसऱ्याने वहीत यादी लिहावी. एका घराला अर्धा-पाऊण तास लागतो.

यादी लिहिताना एक गोष्ट पक्की ठेवा. चार गोधड्या गेल्या असतील तर चारच लिहा. ‘कंपनीचेच पैसे आहेत, दहा लिही’ असं कोणी म्हणेल. ते खोटं आहे, आणि एका खोट्या ओळीमुळे त्या माउलीचा सगळा क्लेम अडकू शकतो. तिने आपल्या हाती दिलेले कागद आणि आधार नंबर ही अमानत आहे. ओटीपी मागू नका, कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ नका, काम झालं की आपल्या मोबाइलमधले तिचे कागद पुसून टाका.

आता फावडं. आपली काळी माती वाळली की दगड होते, म्हणून ओली असतानाच आतल्या खोलीकडून दाराकडे ओढा. मग साबणाचं पाणी, शेवटी ब्लीचिंग पावडरचं पाणी. ब्लीचिंगमध्ये ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. भिजलेलं धान्य माणसांना नको, जनावरांनाही नको. कागद अलगद सुटे करून सावलीत पसरा. मुसहफ असो की पोथी, आपण ठरवून टाकायची नाही, घरच्यांच्या हातात द्यायची. मोठी बिघडलेली वस्तू सर्व्हेअर बघेपर्यंत अंगणात ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

विम्याबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, सूद आणि गररचा प्रश्न आहे. मी मुफ्ती नाही. नवी पॉलिसी घ्यावी की नाही ते आपल्या आलिमांना विचारा. पण ज्या घरात पूर शिरला, ते घर कोणाचंही असो, त्यांनी आधीच पैसे भरलेत का हे शोधून देणं आपलं काम आहे. अनेकांना माहीतच नसतं.

पासबुक उघडा. मे-जूनच्या सुमाराला २० रुपये कापले असतील तर तो सुरक्षा विमा: बुडून मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. ४३६ रुपये कापले असतील तर तो जीवन ज्योती: कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. घरावर बँकेचं कर्ज असेल तर घराचा विमा काढलाय का, हे बँकेत विचारा. पॉलिसीवर ‘भारत गृह रक्षा’ असं असेल तर त्यात पूर धरलेला असतो, आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांचं सामानही. गाडीला फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. हे तोंडावर सांगा, खोटी आशा देऊ नका. फुल विमा असेल तर बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर ते नुकसान कंपनी नाकारू शकते.

कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या. ‘फोटो ठेवून सफाई सुरू करतोय’ हे लेखी कळवा. २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा आणि त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा. त्याची फी कंपनी देते, आपण एक रुपया द्यायचा नाही. दाद लागली नाही तर विमा प्राधिकरणाचा १५५२५५ नंबर आहे, आणि पुण्यात विमा लोकपाल आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

तलाठ्याचा पंचनामा वेगळा, विमा वेगळा. दोन्ही करायचे. २०२२-२६ च्या सरकारी निकषात बुडालेल्या घराला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० होते. रक्कम छोटी आहे, पण पंचनाम्यात नाव नसेल तर तीही नाही.

आपल्या गोदूताई वसाहतीत, रे नगरात विडी वळणाऱ्या अम्मी आणि खाला आहेत. त्यांनी पोरांना शिकवलं ते कागद वाचता यावेत म्हणूनच ना? तर पूर यायची वाट बघू नका. या जुम्म्याला नमाजनंतर आपल्या गल्लीतल्या पाच घरांची पासबुकं वाचून द्या. आधार, रेशनकार्ड, विडीचं कार्ड, घराचे कागद यांचे फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये काढून ठेवा. मग शेजारच्या गल्लीत जा, तिथे कोण राहतं हे न विचारता.

अल्लाह आपल्याला तौफीक देवो.