मनोविकार आणि विद्याभ्यास

उरण तालुक्यातील मोरा बंदर आणि मुंबईचा भाऊचा धक्का ह्यांच्या दरम्यान लाँचची जी ये-जा चालते, तिच्यात चाकरमाने असतात, मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळणी असतात आणि पुस्तकांची पिशवी सांभाळणारे विद्यार्थीही असतात. मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचलेला असल्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्यास लागू शकत नाही, आणि उतारूंस भरतीची वाट पाहावी लागते. उशिराबद्दल कुरकूर होते. परंतु अमक्या उतारूच्या अंगी प्रवासाची पात्रताच नाही, असे कोणी म्हणत नाही.

ह्याच लाँचने महाविद्यालयास जाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एखाद्या मुलाची कल्पना करावी. शाळेत तो हुशार म्हणून नावाजलेला होता. पहिल्या वर्षी त्याचे बरे चालले. दुसऱ्या वर्षी तो वर्गात बसू लागला, पण ऐकलेले त्याच्या ध्यानात राहीना. रात्रीची झोप गेली. लाँचवरील उतारू आपल्याविषयीच कुजबुजतात, असे त्यास वाटू लागले. पुढे कोणी जवळ नसतानाही त्यास शब्द ऐकू येऊ लागले. घरच्यांनी आधी आळस म्हटले, मग वाईट संगत म्हटले, मग दृष्ट काढली. परीक्षेस तो बसला नाही आणि पटावरून त्याचे नाव गेले. वैद्यकीय उपचार सुरू झाले ते त्यानंतर कित्येक महिन्यांनी.

हा मुलगा कल्पित असला, तरी त्याची हकीकत विरळा नव्हे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा विकार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस अथवा विशीच्या वयात प्रकट होतो. मुलींपेक्षा मुलांत काही वर्षे लवकर. उन्माद आणि विषण्णता ह्यांचे फेरे आणणारा द्विध्रुवी विकारही पुष्कळदा ह्याच वयात डोके वर काढतो. म्हणजे ज्या पाच-सात वर्षांत पदवी पदरात पडावयाची आणि धंद्याची दिशा ठरावयाची, त्याच वर्षांवर घाला येतो. चाळिशीतील आजाऱ्याच्या हाती निदान पदवी, अनुभव आणि ओळखी असतात. विसाव्या वर्षी आजारी पडलेल्याच्या हाती ह्यांतले काहीच आलेले नसते.

अतिअभ्यासाने डोके फिरते, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. तिचा खरेखोटेपणा पाहण्यास उत्तर युरोपातील मोठ्या पाहण्या उपयोगी पडतात. स्वीडनमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या लक्षावधी विद्यार्थ्यांचे शालेय गुण आणि त्यांच्या पुढील आयुष्यातील रुग्णालयांच्या नोंदी ताडून पाहण्यात आल्या. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सामान्य गुणांच्या मुलांपेक्षा अगदी कमी गुण मिळविणाऱ्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण सुमारे चौपट होते. 2010 च्या निष्कर्षात निराळेच चित्र दिसले: द्विध्रुवी विकाराचे प्रमाण अत्युत्कृष्ट गुणांच्या मुलांत सुमारे चौपट आढळले, आणि अगदी कमी गुणांच्या मुलांतही ते काहीसे वाढलेले होते. चौपट ह्या शब्दाने मात्र कोणी घाबरून जाऊ नये. मूळचे प्रमाण इतके अल्प असते की, दोन्ही टोकांच्या बहुसंख्य मुलांस हे विकार कधीच होत नाहीत.

ह्या आकड्यांवरून अभ्यासाने विकार होतो असेही ठरत नाही, आणि मंद बुद्धीने विकार होतो असेही ठरत नाही. कित्येकांच्या बाबतीत कमी गुण हीच येऊ घातलेल्या विकाराची पहिली सावली असते. मेंदूतील बदल भासांच्या पुष्कळ आधी सुरू झालेले असतात, आणि लक्ष, स्मरण व विचाराचा वेग ह्यांवर त्यांचा परिणाम आधी दिसतो. म्हणून मुलाचे गुण किती, ह्यापेक्षा ते कसे बदलत गेले, हे पाहणे अधिक बोधप्रद होय. बरोबरीच्या मुलांच्या मानाने तेराव्या ते अठराव्या वर्षांच्या दरम्यान जे मुलगे, विशेषतः भाषिक आकलनात, मागे पडत गेले, त्यांच्यात पुढे अशा विकारांचे प्रमाण अधिक होते, असेही स्वीडनमधीलच दुसऱ्या एका अभ्यासात दिसून आले. चांगला चाललेला मुलगा कारणावाचून घसरू लागला आणि त्याबरोबरच माणसे टाळू लागला, तर शिकवणी बदलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशी प्रत्येक घसरण विकारामुळेच होते असे नाही; परंतु चौकशीस ती पात्र असते.

मुंबईच्या बोलण्यात “ह्याला ठाण्याला पाठवा” ही थट्टा जुनी आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे. त्या काळी भास आणि भ्रम ह्यांवर औषध नव्हते. जर्मनीतील एमिल क्रेपेलिन ह्यांनी ह्या विकारास अकाली येणारा बुद्धिभ्रंश अशा अर्थाचे नाव दिले होते, आणि त्या नावातच निराशा होती. 1908 साली स्वित्झर्लंडमधील ऑयगन ब्लॉयलर ह्यांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द योजिला. कारण प्रत्येक रोग्याची बुद्धी ढासळतेच असे नाही, हे त्यांनी पाहिले होते. 1952 साली क्लोरप्रोमाझिन ह्या औषधाचा उपयोग सुरू झाला आणि उपचारांचे नवे युग उघडले. आज पुष्कळ रोगी घरी राहून कामधंदा करतात, कित्येक शिक्षणही पुरे करतात. पण थट्टा तेथेच राहिली, आणि त्या थट्टेच्या भयाने घरे आजार लपवितात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, अशा तीव्र विकारांच्या दर चार रोग्यांपैकी सुमारे तिघे उपचारांवाचून असल्याचे आढळले. उपचारास जितका विलंब, तितकी पूर्वपदावर येण्याची वाट लांबते. आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत तो विलंब वर्षांच्या हिशोबाने मोजावा लागतो.

हे मौन मोडण्याचा एक मोठा प्रयत्न मराठी माणसाच्याच हातून झाला. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकविणारे जगन्नाथ वाणी ह्यांनी आपल्या कुटुंबात स्किझोफ्रेनियाचा दीर्घ अनुभव घेतला, आणि तो झाकून न ठेविता पुण्यात रोग्यांच्या आप्तांस एकत्र आणणारी ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा 2004 सालचा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने निघाला. ज्या घरात विद्या होती त्या घरासही हा आजार चुकला नाही. परंतु त्या विद्येचा उपयोग आजार लपविण्याकडे न होता इतरांस आधार देण्याकडे झाला.

अमेरिकन गणिती जॉन नॅश ह्यांचे उदाहरण सर्वविश्रुत आहे. 1959 साली, तिशीत, त्यांस ह्या विकाराने गाठले आणि अध्यापकाची जागा सुटली. पुढे कित्येक वर्षे ते प्रिन्स्टनच्या आवारात हिंडत. तेथील लोकांनी त्यांस हाकलले नाही. कालांतराने त्यांचे मन पुष्कळसे स्थिर झाले आणि 1994 साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक रोगी नॅश होणार नाही, आणि तशी अपेक्षा बाळगणे ही रोग्यावर दुसरी सक्ती होईल. ह्या कथेतून घेण्यासारखे ते प्रिन्स्टनच्या लोकांचे वागणे.

भारतीय कायद्यानेही आता हे तत्त्व मान्य केले आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. निदान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवावयाच्या असून, प्रवेशाच्या वयोमर्यादेत 5 वर्षांची सवलत आहे. वरवर किरकोळ वाटणारी ही 5 वर्षे म्हणजे आजाराने गिळलेला काळ परत देण्याचा प्रयत्न होय.

कायद्याने दार उघडते. आत टिकण्यास अधिक काही लागते. औषधांनी सकाळी गुंगी येते, म्हणून पहिल्या तासाची हजेरी चुकते. मन एका जागी ठरत नाही, म्हणून सहा विषयांऐवजी तीनच पेलतात. अशा विद्यार्थ्यास एक सत्र सुटी घेऊन पुन्हा त्याच वर्गात येण्याची मुभा असावी, टिपणे मिळावीत, आणि ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल असा एक तरी अध्यापक असावा. घरी औषध नियमित असावे आणि “तुझ्या बरोबरीचे कुठल्या कुठे गेले” हे वाक्य कोणी उच्चारू नये. सल्ल्यासाठी 2022 सालापासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा 14416 ह्या क्रमांकावर चालू आहे.

12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंत आगगाडी पोचली. मोऱ्याच्या विद्यार्थ्यास ओहोटीच्या वेळी आता दुसरीही एक वाट आहे. आजारातून उठून दोन वर्षांनी महाविद्यालयाच्या कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या मुलासही अशी वाट हवी असते. त्या खिडकीतून त्यास प्रवेशाचा कागद मिळतो की “इतके दिवस कुठे होतास?” हा प्रश्न, ह्यावर त्याची पुढील चाळीस वर्षे पुष्कळशी अवलंबून असतात.