पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव : संकोच नको, तपासणी हवी



पाळी कायमची थांबली की बहुतेक स्त्रियांना सुटल्यासारखे वाटते. मग तीन-चार वर्षांनी एखाद्या दिवशी लुगड्यावर रक्ताचा डाग दिसतो. ‘उष्णता झाली असेल’ अशी मनाची समजूत घातली जाते. घरात मुलगे, सुना, नातवंडे. या वयात ही गोष्ट सांगायची कोणाला, या संकोचात महिने निघून जातात. हा संकोच मोडावा, हेच या भाषणाचे प्रयोजन आहे.

पाळी सलग १२ महिने बंद राहिल्यानंतर होणारा रक्तस्राव, मग तो एक थेंब का असेना, नैसर्गिक मानता येत नाही. तो दरवेळी कर्करोगाचाच असतो असेही नाही. अशा १० स्त्रियांपैकी सुमारे ९ जणींत कारण वेगळे असते : अस्तर कोरडे व पातळ होणे किंवा पॉलिपसारखी मांसल वाढ. उरलेल्या एकीला मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असण्याचा संभव असतो. ही एक कोण, हे शोधण्याच्या कामी सोनोग्राफी येते.

ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील अवयव पाहण्याची ही पद्धत ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये वैद्यकविश्वापुढे मांडली. तीत क्ष-किरण नसतात. या तपासणीसाठी एक बारीक उपकरण योनिमार्गातून आत ठेवून गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतात. काही मिनिटांचे हे काम. त्यासाठी भूल लागत नाही. अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असल्यास कर्करोगाची शक्यता शेकडा एकाहूनही कमी असते आणि बहुधा पुढील तपासणी टळते.

अस्तर जाड दिसले म्हणजे कर्करोग ठरला, असे मात्र नव्हे. सोनोग्राफी संशय दाखविते. निदान होते ते अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच. उलट, अस्तर पातळ असूनही रक्तस्राव पुन्हा झाला, तर तुकडा तपासणे आवश्यकच ठरते. कारण काही कर्करोगांत अस्तर जाड होत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत औषधानेच अस्तर जाड दिसते; त्यांनी त्या औषधाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. कोणतीही तक्रार नसलेल्या प्रत्येक स्त्रीने केवळ या रोगासाठी ही तपासणी करीत राहण्याची गरज नाही.

लठ्ठपणा, मधुमेह, उशिरा थांबलेली पाळी आणि मूल न होणे यांमुळे या रोगाचा धोका वाढतो. परंतु हा रोग बहुधा आधी सूचना देतो. त्याच्या १० पैकी सुमारे ९ रुग्णांत रक्तस्राव झालेला असतो. रोग गर्भाशयापुरता असतानाच शस्त्रक्रिया झाली, तर बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात.

तेव्हा तो डाग धुऊन टाकण्यापूर्वी घरातील एका माणसाला तरी सांगावा आणि त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. मुलींनी व सुनांनीही घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हा प्रश्न आपण होऊन विचारावा. न विचारल्यामुळेच पुष्कळदा तो डाग लपून राहतो.