एकदा डाऊनलोड, घरभर खेळ

कळव्यात एकाच घरातले तीन भाऊ ५० जीबीचा एकच गेम तीनदा डाऊनलोड करतात. १०० एमबीपीएसच्या लाईनवर दर वेळी तासाहून जास्त! त्यापेक्षा जुन्या पीसीत मोठी हार्ड डिस्क बसवा, लिनक्सवर सांबा टाका, फोल्डर शेअर करा. गिगाबिट राउटर आणि केबल असेल तर तोच गेम आठ-दहा मिनिटांत कॉपी होतो. वायफायवर एवढी आशा नको.

पण क्रॅक केलेले गेम तिथे ठेवू नका. बनवणाऱ्याचा हक्क बुडतो. शिवाय असं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. सुपरटक्सकार्ट, ओपनटीटीडी हे खुले गेम आहेत. जुन्या पीसीवर चालतात, शेजारच्या मुलांना पेनड्राइव्हवर बिनधास्त द्या.