पहाटे तीन अठ्ठावन्न

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सोसायटीच्या आठवणी' या विषयावर सात मिनिटं बोला, असं मला सांगितलं होतं. पण पाण्याचे टँकर, पार्किंगची भांडणं आणि पहिल्या गणपतीची वर्गणी हे सगळं माझ्याआधीच्या वक्त्यांनी संपवलं. माझ्याकडे उरली एकच आठवण, तीन वर्षांपूर्वीची. तिचा अर्धा भाग तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. उरलेला अर्धा आज सांगतो. लेकीची परवानगी घेतलीय. मजकूर तिला आधी पाठवला होता, त्यातली दोन वाक्यं तिने खोडली. ती दोन मी वाचणार नाही.

ती बारावीत असताना तिने एमआयटीला अर्ज केला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, त्यात काय एवढं, पौड रोडला तर जायचं. रिक्षाने वीस मिनिटं." आजी, ती कोथरूडची. ही बॉस्टनच्या शेजारची, केंब्रिज गावातली, चार्ल्स नदीकाठची. १८६१ साली स्थापन झालेली. अर्ज करणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनाही तिथे जागा मिळत नाही, आणि परदेशी मुलांचं प्रमाण त्याहून कमी. एक गोष्ट मात्र चांगली आहे. निवड करताना कुटुंबाची ऐपत बघत नाहीत, परदेशी मुलांचीसुद्धा नाही, आणि निवड झालीच तर गरज असेल तेवढी मदत देतात. नाहीतर माझ्यासारख्या पगारदार माणसाने त्या फीचा आकडा वाचून खिडकी लावून घेतली असती. मदतीसाठी माझे इन्कम टॅक्सचे कागद लागत होते, ते चढवायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी तिने सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून दिले. हा कागद लक्षात ठेवा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आपल्या तेव्हाच्या चेअरमनसाहेबांनी माईकवरून जाहीर केलं, "आपल्या सोसायटीची कन्या अमेरिकेला निघाली आहे!" टाळ्या झाल्या, जिलेबी आली. अर्ज जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. साहेब समोरच बसलेत, हसतायत, म्हणून सांगतो: त्या दिवसापासून ती लिफ्टने जायची बंद झाली. चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये तीन तरी माणसं भेटायची, आणि तिघंही विचारायची, "आलं का गं?" प्रेमानेच विचारायची. पण 'अजून नाही' हे दिवसातून आठ वेळा म्हणायला लागलं की ते 'नाही'सारखंच ऐकू यायला लागतं. ती जिने चढायची. दप्तर घेऊन, दिवसातून चार वेळा.

फेब्रुवारीत तिकडून आणखी एक फॉर्म आला. मधल्या परीक्षेचे मार्क आणि नवीन काही केलं असेल तर ते कळवायचं. त्या फॉर्मच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली तर 'फन' होतं. म्हणजे मजा. घरात कोणालाही मजा येत नव्हती. माझ्या काळी शिवाजीनगरला कॉलेजच्या भिंतीवर यादी लागायची. सायकल मारत जायचं, गर्दीत घुसायचं, बोटाने नाव शोधायचं. दहा मिनिटांत निकाल. भिंतीला पासवर्ड नव्हता.

तर निकालाचा दिवस १४ मार्च. तारीख अमेरिकन पद्धतीने लिहिली तर ३.१४ होते, म्हणजे आपला पाय. आणि वेळ संध्याकाळची ६.२८, म्हणजे त्याची दुप्पट. गणितवाल्यांचा विनोद आहे हा. मार्चमध्ये तिथली घड्याळं तासभर पुढे गेलेली असतात, त्यामुळे आपल्याकडे ती वेळ येते १५ तारखेच्या पहाटे तीन अठ्ठावन्नला. आणि १५ तारखेला सकाळी अकरा वाजता तिचा बारावीचा पेपर. शेवटून दुसरा.

तिने ठरवलं होतं: रात्री झोपायचं, पेपर द्यायचा, दुपारी घरी येऊन स्वतः उघडायचं. मला आणि तिच्या आईला बजावलं होतं, त्या आधी कोणी विषय काढायचा नाही. मी हो म्हटलं होतं.

साडेतीनला मला जाग आली. जाग आली म्हणजे काय, झोपलो कुठे होतो. स्वयंपाकघरातला दिवा लावला, टेबलावर तिचा लॅपटॉप होता, आणि तो कागद माझ्या फाइलमध्ये. तीन अठ्ठावन्नला उघडलं नाही, एवढा संयम मी दाखवला. चार वाजून तीन मिनिटांनी उघडलं.

पत्र सभ्य होतं. पण सभ्य पत्र असलं की दुसऱ्या ओळीपर्यंत कळतंच.

मी लॅपटॉप मिटला आणि खाली आलो. आपले रात्रपाळीचे वॉचमनकाका गेटपाशी खुर्चीत बसले होते. त्यांनी दिवा बघितला होता. "साहेब, कोणाला बरं नाही का?" म्हणाले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. घरात बायकोला सांगायच्या आधी. काकांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला आणि म्हणाले, "आमच्या पोराचं पोलीस भरतीत तीनदा असं झालंय. धावणं होतं, गोळाफेक होते, लेखीला जातं. यादी मोबाईलवर येते, खाली खाली सरकवत जायचं. संपली की परत वरून बघायची." मग थोडा वेळ गप्प बसले, आणि विचारलं, "पोरीला कळलंय?"

"नाही. झोपलीय."

"मग तुम्ही कशाला उठलात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडेचारला पंप सुरू करायला ते उठले आणि मी वर आलो.

सकाळी पोहे केले. खूप बोललो, नको तितकं. सेंटरच्या गेटपाशी तिला सोडताना म्हटलं, "डोकं शांत ठेव." तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि आत गेली. दुपारी आली, खोलीचं दार लावलं, दहा मिनिटांनी बाहेर आली आणि माझा चष्मा माझ्या हातात दिला.

"बाबा, हा सकाळी माझ्या लॅपटॉपपाशी होता."

मी काही बोललो नाही.

"हो असतं तर तू मला उठवलं असतंस," ती म्हणाली. "मला सकाळी सातलाच कळलं. मी ते डोक्यात घेऊन पेपर दिला. ते माझं पत्र होतं ना? मला वाचायचं होतं, पहिल्यांदा मीच."

मी बाप म्हणून काळजीने वगैरे काहीतरी म्हणालो. ते खरं नव्हतं. मला धीर धरवला नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत तिने सगळे पासवर्ड बदलले. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात जे काही बोलणं झालं ते तिच्या आईमार्फत. तुम्ही सगळ्यांनी मात्र कमाल केलीत. कोणी काय सांगितलं मला माहीत नाही, वॉचमनकाकांवर माझा संशय आहे, पण १६ तारखेपासून लिफ्टमध्ये तिला एकानेही काही विचारलं नाही. आजींनी नुसता शिऱ्याचा डबा पाठवला. त्यावर चिठ्ठीसुद्धा नव्हती.

मग मे महिन्यात तिने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दिली. तिथेही जागा मोजक्याच. पुन्हा वाट बघणं आलं. यावेळी मला ना निकालाची तारीख सांगितली ना वेळ. मी विचारलंही नाही. म्हणजे एकदा विचारलं. तिने उत्तर दिलं नाही.

आणि मग, आठवत असेल तुम्हाला, आपली लिफ्ट बदलण्याची विशेष सभा होती. याच हॉलमध्ये. कोटेशनवरून ए विंग आणि सी विंगची चांगलीच जुंपली होती. लेक दारात येऊन उभी राहिली, मला खूण केली नाही, सरळ खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"मी वाचलंय," म्हणाली. "आता तू वाच."

मला चष्मा सापडेना. तो तिनेच माझ्या खिशातून काढून दिला. मी दोनदा वाचलं. तेवढ्यात सेक्रेटरींनी ठराव मताला टाकला आणि सगळ्यांनी हात वर केले, म्हणून मीही केला. तो बाजूने होता की विरोधात, ते इतिवृत्तात असेल. मला आजही ठाऊक नाही.