हिमाची मोजणी आणि सूक्ष्मलहरी

उन्हाळ्यांत सतलज नदीला जें पाणी येतें, त्याचा मोठा भाग हिमालयावर हिवाळ्यांत सांठलेल्या हिमाचा असतो. १९६३ सालीं राष्ट्रास अर्पण झालेलें भाकरा धरण याच नदीवर आहे. तेव्हां डोंगरावर हिम किती आहे हें आधीं कळणें ही केवळ विद्वानांच्या कुतूहलाची बाब नव्हे; शेतकऱ्याच्या पिकाचा तो प्रश्न आहे. परंतु त्या कडेकपारींत माप घेऊन जावें कोणीं? आकाशांतून छायाचित्र घ्यावें, तर ढग आड येतात. शिवाय चित्रांत हिमाचा विस्तार दिसतो, खोली दिसत नाहीं.

या अडचणींतून निसर्गानेंच एक वाट ठेविली आहे. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णमानाप्रमाणें अदृश्य लहरी बाहेर टाकीत असतो. त्यांपैकीं कांहीं मिलिमीटर वा सेंटिमीटर लांबीच्या लहरींना सूक्ष्मलहरी म्हणतात. जमिनींतून निघालेल्या या लहरी रात्रंदिवस, बहुतेक ढगांतूनही, वर जातात. वाटेंत कोरडें हिम असलें म्हणजे त्याचे कण त्यांना विखरून टाकतात. धुकें दिव्याच्या प्रकाशाला विखरतें तसें. यांतही सुमारें ८ मिलिमीटरची आंखूड लहर अधिक विखुरते, १.६ सेंटिमीटरच्या आसपासची लांब लहर पुष्कळशी निसटून जाते. या दोहोंतील फरकावरून हिमांत किती पाणी सांठलें आहे, याचा अंदाज बांधतां येतो. १९७८ च्या ऑक्टोबरांत सोडलेल्या ‘निंबस-७’ या अमेरिकन उपग्रहापासून अशीं मापें घेतलीं जात आहेत.

परंतु हिम वितळूं लागलें कीं सारा हिशेब फिरतो. कणांभोंवतीं आलेलें पाणी खालच्या लहरी शोषून घेतें व स्वतःच्या बाहेर टाकतें. मग ओलें हिम उघड्या जमिनीसारखें भासतें. म्हणून रात्रीं, हिम गोठलेलें असतांना, घेतलेलीं मापें अधिक भरंवशाचीं. तळाशीं कण मोठे झाले, तर थर आहे त्याहून जाड वाटतो. उलट दाट अरण्य हिमाची खूण झांकून टाकतें. फार खोल हिमांत तर फरक वाढेनासाच होतो. शिवाय उपग्रहाच्या एका दृष्टिक्षेपांत कित्येक किलोमीटरांचा प्रदेश येतो. हिमालयांत तेवढ्यांत शिखर आणि दरी दोन्ही एकत्र मिसळतात.

यास्तव उपग्रहाचा आंकडा हा अंतिम निर्णय नव्हे, एक साक्ष होय. जमिनीवर घेतलेल्या मापांशीं ती ताडून पाहावी, आणि मगच धरणाच्या पाण्याचा हिशेब मांडावा.