पुढच्या फोर्कचे ऑइल सील

दुचाकीच्या पुढच्या फोर्कमध्ये, ज्याला गॅरेजच्या बोलीत शॉकअप म्हणतात, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांतील तेल रोखून धरणारे रबरी कडे म्हणजे ऑइल सील होय. ते झिजले की चकचकीत दांड्यावर तेल ओघळते आणि ब्रेकवर उतरल्यास धोका संभवतो. सील काढण्यासाठी तळाचा अ‍ॅलन बोल्ट सोडवावा लागतो, पण तो बहुधा आतल्या भागासह नुसताच फिरतो. म्हणून वरचे झाकण व स्प्रिंग जागेवर असतानाच, फोर्क दाबून धरून, तो सैल करणे शहाणपणाचे ठरते. नवे सील चढवताना त्याची नाजूक कडा फाटू नये यासाठी दांड्याच्या टोकावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी घालावी, आणि खास अवजाराऐवजी जुने सील वर ठेवून योग्य मापाच्या पीव्हीसी नळीने ते सरळ ठोकावे. दांड्यावर गंजाचे खड्डे असल्यास मात्र नवे सीलही लवकरच गळू लागते.